तिसरी डिस्क

बंदरावरच्या मच्छीमार संस्थेत मी संगणकांच्या नकला सांभाळते. म्हणजे रोज सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवायची आणि ती कधी लागू नये म्हणून समुद्र राखणाऱ्या मात्सू देवीला हात जोडायचे. पन्नाशी आली, कंबर गेली, पण हे लचांड काही सुटत नाही.

बोटींचं रेडिओवरचं बोलणं साठवणारा आमचा संगणक हाताला लागणारा नव्हता. एका मोठ्या यंत्राच्या पोटात असे बरेच आभासी संगणक चालतात, त्यातलाच तो एक. त्याची रचना माझ्याआधीच्या लो नावाच्या दीडशहाण्याची. जागा पुरेना तेव्हा त्याने चार आभासी डिस्का जोडून एकच साठा शिवला, गोधडीसारखा. एक तुकडा निघाला की उरलेल्या नुसत्या चिंध्या. वर तिसऱ्या डिस्कवर 'स्वतंत्र' अशी खूण करून ठेवली. तशी खूण असली की नक्कल काढताना ती डिस्क गुपचूप वगळली जाते. तक्रार नाही, काही नाही. रोज सकाळी आपलं 'काम पूर्ण'.

एकदा नक्कल उघडून तपासली असती तर कळलं असतं. पण सातवा महिना लागला होता, भुतांचा. या महिन्यात आमच्याकडे कुणी घर बदलत नाही, लग्न काढत नाही, नव्या कामाला हात घालत नाही. "महिना सरू दे, मग बघू," आमचे सचिव शिए म्हणाले आणि मीही मान डोलावली. कामाचा कंटाळा आला की माणसाला रीतभात फार आठवते.

मग एका दुपारी वीज पडली आणि मूळ साठा जळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आचुन काकू दारात. त्यांचा मुलगा चिनफू ज्या बोटीवर होता, ती वादळानंतर परतलीच नव्हती. एक फळीसुद्धा सापडली नव्हती.

"युलान, त्याचं शेवटचं बोलणं ऐकव मला."

"काकू, कशाला जिवाला त्रास?"

"त्रास? आता कसला त्रास राहिलाय गं?" त्या खोकल्या. बोलता बोलता खोकायची त्यांची सवयच होती. "गुरुजी म्हणतात, समुद्रावर हाक मारून त्याचा आत्मा घरी आणायचा तर याच महिन्यात, पलीकडच्या जगाची दारं उघडी आहेत तोवर. पण पोर कुठल्या बेटावर जिवंत असलं तर? माझ्याच हाकेने जीव जायचा त्याचा. आणि गेला असेल नि मी बोलावलंच नाही, तर कायमचा उपाशी भटकेल. तूच सांग, काय करू?"

मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि नक्कल चढवायला घेतली.

तेव्हा कळलं. नकलेत डिस्का तीनच. तिसरी नव्हतीच. शिएसाहेब मागे येऊन उभे राहिले. "आता त्या बाईला काय तोंड दाखवायचं?" म्हणाले. मी निव्वळ हट्टाने तो संगणक सुरू केला.

तो सुरू झाला. साठा जुळला. यादीत चार डिस्का होत्या.

"होती की! उगाच जीव खाल्लास माझा."

"नव्हती, साहेब."

मी पुन्हा नक्कल तपासली. तीन. चालू संगणक पाहिला. चार. तिसरी जागच्या जागी, माहितीने भरलेली. शिएसाहेबांनी मान पुसली. "मला काही सांगू नकोस," म्हणाले आणि चहा आणायला म्हणून गेले. परत आले नाहीत.

मी कानाला हेडफोन लावले. खोलीत गार हवा सोडलेली असते, तरी डिझेलचा वास यायला लागला होता.

आधी खरखर. मग चिनफू. "बंदर, बंदर. पाणी आत आलंय. इंजिन बुडतंय. ऐकू येतंय का कुणाला?"

बराच वेळ लाटा. मग एका बाईचा आवाज.

"येतंय रे राजा, ऐकू येतंय."

आणि खोकला.

मी वळून काचेतून पाहिलं. काकू बाकावर बसल्या होत्या, तोंड मिटून. उभ्या जन्मात त्यांनी रेडिओला हात लावला नव्हता.

हेडफोनमध्ये चिनफू बोलला. अगदी शांतपणे, घरात बोलावं तसं. "आई? तू कधी आलीस बोटीवर?"

तिथे ध्वनिफीत संपली.

काकूंना मी 'इंजिन बुडतंय' इथपर्यंतच ऐकवलं. त्या रडल्या नाहीत. "पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही, काकू." खोटं बोलताना मला माझीच शिसारी आली. पण ते ऐकवायचं तरी कोणत्या तोंडाने?

"मग गेलाच तो," त्या म्हणाल्या. "आता बोलवायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही वाळूवर जमलो. मी काकूंच्या अगदी जवळ उभी राहिले, हात लावता येईल इतकी. गुरुजींनी पानांसकट बांबू रोवला, त्याला चिनफूचा सदरा बांधला, घंटा वाजवली. समुद्र सपाट होता. काकू घोटाभर पाण्यात उतरल्या आणि ओरडल्या, "चिनफू, घरी ये! चिनफू, घरी ये!"

मग त्या थांबल्या. मान किंचित तिरकी केली.

"येतंय रे राजा," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय." आणि खोकल्या.

मी त्यांचा दंड घट्ट धरला. घंटा थांबली होती.

काकू हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आत्ताच चढले," त्या म्हणाल्या.