एका ओळीएवढी वाळू

रविवारी सकाळी पावणेदहाला ऋजुता किनाऱ्यावर पोचली, तेव्हा तिच्या आठ खुंट्यांपैकी सहा गायब झाल्या होत्या. उरलेल्या दोन खुंट्यांची फक्त डोकी पाण्याबाहेर दिसत होती, आणि दर लाटेसरशी तीही बुडत होती.

काल साडेदहाच्या ठोक्याला तिने त्या स्वतःच्या हाताने ठोकल्या होत्या. तेव्हा पाणी सगळ्यात खालच्या खुंटीच्याही पलीकडे होतं. कोरड्या वाळूपासून पाण्यापर्यंत ओली, घट्ट वाळू नुसती पसरली होती. पावलांनी मोजून तिने चार ओळींची जागा आखली आणि खुश होऊन आजोबांना सांगितलं, की उद्या साडेदहालाही पाणी इथेच असणार. आजोबांनी मान डोलावली होती. आता आजोबांची मान डोलली म्हटल्यावर शंका कोण घेणार? चाळीस वर्षं त्यांनी चंद्रावरच्या धुळीचा अभ्यास केलेला. समुद्र मात्र त्यांना तळलेल्या सुरमईपुरताच ठाऊक होता.

या चार ओळी म्हणजे एक पत्र होतं. ऋजुताची आई गेले सात महिने चंद्रावरच्या वसाहतीत काम करत होती. तिथल्या बर्फापासून पिण्याचं पाणी करणारी यंत्रं ती सांभाळायची. आज तिचा वाढदिवस. साडेदहा वाजता एक उपग्रह (पृथ्वीभोवती सतत फिरत राहणारं यान) कासारभाटच्या या किनाऱ्यावरून जाणार होता. आजोबांनी जुन्या सहकाऱ्यांना गळ घातली होती, म्हणून तो या वाळूचा एक फोटो काढून थेट चंद्रावर धाडणार होता. एकच फोटो. पुन्हा तो या जागेवर यायचा तो सोळा दिवसांनी, आणि तेव्हा कुठला आलाय वाढदिवस?

कोरड्या वाळूत रेघ टिकत नाही, लगेच ढासळते. अक्षरं उठतात ती ओल्या वाळूत. आणि ओल्या वाळूवर तर समुद्राने पाण्याचं पांघरूण घातलं होतं. ऋजुताचा चेहरा रडवेला झाला. तिने आजोबांकडे पाहिलं, तर ते मनगटावरच्या घड्याळाला टिचक्या मारत होते, जणू चूक घड्याळाचीच.

तेवढ्यात द्वारकामावशी आल्या. ऋजुता आणि आजोबा शनिवार-रविवारसाठी त्यांच्याच घरी उतरले होते. त्यांच्या हातात खिचडीचा डबा होता आणि मागून दामू येत होता. दामू हा त्यांच्या नारळीच्या वाडीतला यंत्रमानव. पालापाचोळा ओढायला त्याच्या हाताला रुंद दाताळं बसवलेलं होतं, आणि त्याच दाताळ्याने तो आज वाळूत अक्षरं काढणार होता. मावशींनी बुडालेल्या खुंट्या पाहिल्या, ऋजुताचे डोळे पाहिले आणि डबा खाली ठेवला.

"अगो, काल दशमी होती, आज एकादशी. पाणी कालच्याच वेळेला कसं येईल?" त्या म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट करायची. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे आज पूर्ण भरती सव्वाआठला झाली. काल साडेसातला झाली असणार. एवढं तर माझा एकादशीचा उपासही मला सांगतो."

आजोबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा पडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आज पाणी पाऊण तास मागे पडलं होतं. काल पावणेदहाला ते जिथवर उतरलं होतं, तिथवर आज साडेदहाला उतरणार. काल पावणेदहाला, गाडीतून उतरल्या उतरल्या, दोघांनी जिथे पाण्यात पाय बुडवले होते, ती जागा पहिल्या ओळीच्या जेमतेम खाली होती. बाकीच्या तीन ओळी फोटोच्या वेळी पाण्याखालीच राहणार होत्या.

"चूक माझी आहे, बाळा," आजोबा म्हणाले. "मी विचारच केला नाही."

ऋजुताला राग आला होता, पण आजोबांचा उतरलेला चेहरा बघून तो तिला धड धरताही येईना. पाणी उतरेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मग तिने तिच्या स्वभावाला धरून तेच विचारलं, जे ती नेहमी विचारायची: पण असं का?

आजोबांनी तिला वाळूत एका जागी उभं केलं. तू पृथ्वी, मी चंद्र, असं म्हणून ते तिच्यासमोर दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. चंद्राला गुरुत्वाकर्षण (प्रत्येक वस्तूचा दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढण्याचा गुण) असतं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. चंद्र अख्ख्या पृथ्वीलाच ओढतो, आजोबांनी सांगितलं, पण जमीन घट्ट असते आणि पाणी असतं सैल. त्यामुळे चंद्राच्या बाजूचं पाणी जरासं फुगतं. बरोबर उलट्या बाजूचं पाणी चंद्रापासून सगळ्यात लांब, म्हणून त्याला ओढ सगळ्यात कमी. पृथ्वी चंद्राकडे जरा जास्त ओढली जाते आणि ते पाणी मागे राहतं. म्हणून तिकडेही फुगवटा येतो. फिरता फिरता आपला किनारा दिवसातून एकदा या फुगवट्यात शिरतो आणि एकदा त्या. म्हणून भरती दोनदा.

"आता स्वतःभोवती एक गिरकी घे. पण सावकाश."

ऋजुताने गिरकी घेतली. आजोबांकडे तोंड करून निघाली होती, ती पूर्ण फिरून पुन्हा पहिल्या जागी आली, पण समोर आजोबा नव्हते. ती फिरत होती तेवढ्यात ते तिच्याभोवतीच्या वर्तुळावर थोडे पुढे चालून गेले होते. त्यांच्याकडे तोंड करायला तिला आणखी थोडं वळावं लागलं.

ती थबकली. मग तिने पुन्हा एक गिरकी घेतली, पुन्हा आजोबा पुढे सरकलेले, पुन्हा तेवढंच जास्तीचं वळण. दामू बाजूला उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या कामाच्या यादीत असला प्रकार नसावा.

"हे जे जास्तीचं वळण आहे," ती हळूच म्हणाली, "त्यालाच पाऊण तास लागतो?"

"जवळजवळ तेवढाच. अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटं. एक गिरकी म्हणजे एक दिवस. रोज चंद्र थोडा पुढे जातो, म्हणून रोज भरती थोडी उशिरा."

अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते, तिथून दर तिथीला पाऊण तास वाढवत गेलं की पाऊणपटीचा हिशोब आपोआप तयार होतो. मावशींच्या आज्याने दुर्बीण कधी पाहिली नव्हती. त्याने होडी वाळूत रुतू नये म्हणून पाणी बघितलं, आकाश बघितलं आणि हिशोब नातवंडांना देऊन गेला. आजोबांनी मावशींना हात जोडले, तेव्हा त्या लाजून खिचडी वाढायला लागल्या.

आजोबांनी बोट वर केलं. जवळजवळ डोक्यावर, निळ्या आकाशात, नखाएवढी फिकट कोर होती. कृष्ण पक्षातला (पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यातला) चंद्र सकाळीही दिसतो, फक्त कुणी मान वर करत नाही. ऋजुता बघतच राहिली. आई तिथे होती. आणि आई राहत होती तो गोळाच इथलं पाणी ओढून धरत होता.

सव्वादहा वाजले. पाणी मागे सरकलं होतं आणि वरच्या दोन खुंट्या पायथ्यापर्यंत मोकळ्या झाल्या होत्या. दामू पुढे झाला.

"एका ओळीची जागा आहे. चार ओळींपैकी कोणती लिहू?" त्याने विचारलं.

त्या चार ओळी ऋजुताने आठवडाभर घासूनपुसून तयार केल्या होत्या. 'आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मला पोहता येतं. मी मजेत आहे. काळजी करू नकोस.' सात महिने ती आईशी असंच बोलत आली होती. आई इतक्या लांब, मोठ्या कामावर. तिला रडं ऐकवायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. चार ओळींत ते छान लपून गेलं असतं. एका ओळीत कुठे लपवायचं?

"चारांतली कोणतीच नको," ती म्हणाली. मग तिने दामूला नवी ओळ सांगितली. आजोबांनी ती ऐकली आणि चष्मा पुसायला काढला.

दामू कामाला लागला. एकेक अक्षर ऋजुताच्या उंचीच्या चौपट होतं. ती त्याच्यापुढे धावत जागा दाखवत होती, आजोबा मागून काने आणि मात्रा पायाने खोल करत होते, आणि मावशी उपासाच्या दिवशी साडी खोचून शंख-शिंपले बाजूला फेकत होत्या. शेवटची मात्रा झाली तेव्हा घड्याळात दहा अठ्ठावीस झाले होते. तिघं आणि दामू कोरड्या वाळूत जाऊन उभे राहिले. उपग्रह काही दिसला नाही, ऐकूही आला नाही. नुसतेच साडेदहा वाजले आणि टळले.

आईचा फोन आला तो दुपारी, मावशींच्या ओसरीवर. चंद्रावरून आवाज यायला सव्वा सेकंद लागतो, त्यामुळे 'आई' म्हटल्यावर थोडं थांबावं लागतं. या वेळी मात्र ऋजुता काही बोलायच्या आतच आईचा आवाज आला, आणि तो नेहमीसारखा हसरा नव्हता.

"वाचलं गं," आई म्हणाली. "'आई, मला तुझी खूप आठवण येते.' तीनदा वाचलं. मलाही येते, ऋजू. रोज येते. तू मजेत असतेस म्हणून मी बोलत नव्हते."

मग दोघी जरा रडल्या. सव्वा सेकंदाच्या अंतराने रडणं जरा विचित्रच असतं, एकीचं थांबतं तेव्हा दुसरीचं सुरू होतं. त्यावरून दोघींना हसू आलं. आईने सांगितलं, की परतीचं यान ठरलंय, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी ती घरी असेल. आल्या आल्या तिला समुद्रात जायचंय, सात महिने तिने ओलं म्हणून काही पाहिलं ते नळ्यांमधलंच.

ऋजुताने डोळे पुसले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग चंद्रावर काम करणाऱ्या आपल्या आईला सांगितलं, "पंचमी म्हणजे पाचाची पाऊणपट, पावणेचार. तुझा चंद्र तेव्हा पाणी अगदी वरपर्यंत आणून ठेवेल. आपण मावशींकडून साडेतीनला निघू."