काळी फीत

"तन्वी, सांग गो तुझ्या आवशीक... आजचो दिस तरी घरात रव म्हणान!"

गोदूबाई सुनेशी बोलत नव्हत्या. दोन वर्षं झाली, जे काही सांगायचं ते सहा वर्षांच्या नातीच्या तोंडून! देवबागची ती चिंचोळी वाळू, एकीकडे खाडी, दुसरीकडे दर्या, आणि सकाळपासून दोन्हीकडून पाणी चढत होतं... पण शाळेतल्या निवाऱ्यात मदतीला जमलेल्या गावच्या पोरी वाट बघत होत्या. वादळात माणसं एकदम आली की आधी कोणाला बघायचं, हे परिचारिका उर्वशीनंच त्यांना वर्षभर शिकवलं होतं. लेकीला आजीच्या कुशीत सोडून ती निघाली.

मागच्या वादळातही ती अशीच निघाली होती ना! होडी वाचवायला गेलेल्या नितेशला खाडीतून काढलं तेव्हा छाती चिरडलेली, श्वास जेमतेम चालू, "सुनेक बोलवा रे माझ्या!" म्हणत गोदूबाई ऊर बडवत होत्या, आणि त्याची बायको पलीकडच्या वाडीत एका परक्या बाईचं रक्त दाबून बसली होती! ती बाई जगली. नितेश गेला. "लोकांची आवय, घराची वैरीण!" हे सासूचे तिच्याशी शेवटचे शब्द. 

दुपारी वाऱ्यानं अर्ध्या गावाची छपरं उचलली. माणसं येत होती, आणली जात होती, आणि पोरी प्रत्येकाच्या मनगटाला फीत बांधत होत्या. लाल, त्याला आधी. पिवळी, तो थोडं थांबेल. हिरवी, तो चालताबोलता. आणि काळी... "काळी दिसली की पुढे जायचं, तिथं आपल्या हातात काही उरलेलं नसतं," हे उर्वशीनं पोरींकडून घोकून घेतलं होतं.

लवू तांडेलाची जांघ पत्र्यानं कापली होती. वर पट्टा आवळायलाही जागा नव्हती. दोन्ही हातांनी जखम दाबून ती गुडघ्यांवर बसली होती, तेवढ्यात व्हरांड्यात कोणीतरी एक पोर आणून ठेवलं. पोरींतली रश्मी लगबगीनं वाकली, मनगट बघितलं... आणि पुढे गेली.

तो फ्रॉक उर्वशीनं ओळखला. तन्वी! तिची तन्वी... आणि मनगटाला काळी फीत!

देवा रामेश्वरा! हात काढावा तर लवू जातो, न काढावा तर... पण काळ्या फितीपाशी आता जाऊन काय करणार होती ती अभागी आई? तिचे हात जखमेवर तसेच राहिले.

"कोणीतरी बघा गो माझ्या नातीक!" चिंब भिजलेल्या गोदूबाई दारात कोसळल्या. "भिंत पडली तिच्या अंगार!"

"रश्मी, श्वास बघितलास?" उर्वशी किंचाळली.

"बाई, फीत आधीच होती... मला वाटलं, तुम्हीच बांधलीत!"

"फीत? ती मियां बांधलंय!" गोदूबाई म्हणाल्या. "तुझ्या पिशयेतली घेतलंय... पोराक दृष्ट लागा नये म्हणान!"

म्हणजे कोणी तपासलंच नव्हतं! एकेका पोरीच्या हातात एकेक जीव होता. मोकळे हात फक्त या म्हातारीचे.

"आई, हात हयसर ठेवा! दाबा! काय पण झाला तरी सोडू नकात!"

सासूचे हात लवूच्या जखमेवर टेकवून ती धावली. ओठ निळे, तोंडात वाळू. तिनं बोटानं वाळू काढली, पोरीला उताणी निजवलं, तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला... एकदा, पुन्हा... आणि तन्वी खोकली! खोकली, ओकली, आणि भोकाड पसरून रडू लागली.

"आज्ये! आज्ये गो, ये मगे!"

गोदूबाई अर्ध्या उठल्या. बोटांमधून रक्त उसळलं. त्या मटकन खाली बसल्या, पुन्हा सारा भार हातांवर टाकला. "येतंय गो बाय, येतंय..." पण त्या गेल्या नाहीत.

तन्वीला छातीशी घट्ट धरून उर्वशी परत आली, तेव्हा त्या घळाघळा रडत होत्या.

"उर्वशी," दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव आलं, "चेडू माका हाक मारी होता, आणि माका उठूक गावला नाय गो... नितेशाच्या वेळेक तुका पण असाच झाला, होय मां?"

उर्वशीनं आपला एक हात सासूच्या रक्ताळलेल्या हातांवर ठेवला, आणि दोघींनी मिळून लवूची जखम दाबून धरली.