बाकांच्या नकाशातल्या अकरा गल्ल्या

"तीन वाजता मी चोर ठरणार आहे," प्रोग्रामर आत येताच म्हणाली आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसली. दोन मजले खाली कुत्रं भुंकत होतं.

वहिनींनी खिडकी लावली. त्या खासगी गुप्तहेर. धाकटे दीर, म्हणजे भावजी, त्यांचे मदतनीस. मदत बहुधा कुणी न मागताच करत.

नोकरीसाठी प्रोग्रामरने आपल्या कामांची वेबसाइट पाठवली होती: दोन सॉफ्टवेअरं, रहदारीचं मॉडेल आणि शहरातल्या सार्वजनिक बाकांचा नकाशा. तोच नकाशा तिच्या माजी सहकाऱ्याने स्वतःचा म्हणून पाठवला होता. नकाशा कुणाचा, हे तिथल्या विभागप्रमुखबाई आज तीन वाजता ठरवणार होत्या.

"फायलींवरच्या तारखा?"

"त्याने बदलल्या. कॉम्प्युटर एकच होता आमचा."

"बाकं शोधलीस कशी?"

"पायी. सात महिने."

वहिनींनी नकाशा निरखला. अकरा गल्ल्या कोऱ्या होत्या. "इथे बाकं नाहीत?"

"न...नसतील."

"भावजी, यातल्या एका गल्लीत जाऊन या."

"कशाला?"

"बसायला."

सहकाऱ्याच्या घरी वासराएवढं कुत्रं त्याच्या मांडीवर मावायचा प्रयत्न करत होतं.

"याला घेऊन गल्ली न् गल्ली पालथी घातली," तो म्हणाला. "एक सोडली नाही."

"मग या अकरा?" वहिनींनी विचारलं.

"गेलोय ना! तिथे बाकंच नाहीत."

तीन वाजता विभागप्रमुखबाईंच्या खोलीत सगळे जमले. शेवटी भावजी आले. पँटचा एक पाय गुडघ्यापासून गायब.

"बाकं चार," ते म्हणाले. "कुत्री सहा. बसलो नाही."

"बाकीच्या दहा गल्ल्यांतल्या दुकानदारांना मी फोन केले," वहिनी म्हणाल्या. "सगळीकडे बाकं आहेत आणि मोकाट कुत्रीही. हे गृहस्थ तिथे गेले असते, तर बाकं दिसली असती. नकाशा करणारं माणूस तिथे फिरकलंच नाही. कुत्र्यांना घाबरणारं माणूस. सकाळी ही माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, दोन मजले खालच्या भुंकण्याला."

"खरं आहे?" विभागप्रमुखांनी विचारलं.

प्रोग्रामरने मनात हिशोब केला. नाही म्हटलं तर चोर, हो म्हटलं तर कामचुकार.

"हो. त्या गल्ल्या मी न बघताच सोडल्या. नकाशा अपुरा आहे."

"बघा!" सहकारी टाळी वाजवून ओरडला. "अर्धवट काम!"

"कुणाचं?" विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं. "मघापर्यंत तुमचं होतं."

त्याची दुसरी टाळी हवेतच राहिली.

"तुम्ही सोमवारपासून या," त्या प्रोग्रामरला म्हणाल्या. "काम पूर्ण झालंय म्हणून ठासून सांगणारे आमच्याकडे भरपूर आहेत."