पायाखालचं दालन

जमिनीखाली काय आहे हे वर बसून सांगणाऱ्या माणसांवर आबा शेलारांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांच्या लहानपणी जुन्नरला एक पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरायचा. नारळ उभा राहिला की तिथे विहीर खणायची. शेलारांच्या घरच्या अशा दोन विहिरी ठणठणीत कोरड्या निघाल्या होत्या. त्यामुळे डॉ. उत्तरा रणदिवे आपलं यंत्र घेऊन त्यांच्या गुहामोहिमेत सामील झाली, तेव्हा आबांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पाणाडीणबाई ठेवून टाकलं. ती भौतिकशास्त्रज्ञ होती आणि वयाने त्यांच्या निम्मी होती. तिने ते नाव हसून घेतलं, कारण आबा ज्याला नाव ठेवतात त्याला आपलं मानतात हे तिला मोहिमेत आधीपासून असलेल्या धाकट्या बहिणीने सांगून ठेवलं होतं.

आता मात्र तेच आबा हिमालयातल्या एका उघड्याबोडक्या उतारावर, गुहेच्या तोंडाशी लावलेल्या तंबूत, तिच्या यंत्राची तारीफ करत बसले होते. समोर स्टोव्हवर चहा उकळत होता. वर निळं आभाळ होतं आणि डोंगराच्या माथ्यावर हिमनदीची पांढरी कड चकाकत होती. त्यांच्या पायाखाली, जवळजवळ हजार मीटर खोल, उत्तराची बहीण रेवती आणि यशोधन तांबे हे दोघे छिन्नी-हातोडा घेऊन एक भेग रुंद करत होते.

"ह्या भेगेच्या पल्याड दालन निघालं ना पोरी," आबा म्हणाले, "तर देशातली सगळ्यात खोल गुहा आपली. आन् ते दालन तुझ्या डबड्यानं दावलं."

डबड्याचं शास्त्रीय नाव अणुपात-गुरुत्वमापी. मोहिमेतली माणसं त्याला ओढमापी म्हणत. ते पाच लिटरच्या कुकरएवढं होतं. त्याच्या आतल्या निर्वात नळीत अणूंचा एक गोठवलेला पुंजका वरून सोडला जाई, आणि तो किती वेगाने खाली पडतो हे लेसरचा किरण मोजत असे. त्या पडण्यातला अब्जांशाचा फरकही यंत्राला कळायचा.

आबांनी सुरुवातीला विचारलं होतं, "अणू पडल्यानं भुयार कसं कळतं?"

"तुमच्या पायाखालचा खडक तुम्हाला खाली ओढतो, आबा," उत्तराने सांगितलं होतं. "सगळी पृथ्वीच ओढते, पण जवळच्या खडकाचाही त्यात छोटासा वाटा असतो. पायाखाली खडकाऐवजी पोकळी असेल तर तेवढी ओढ कमी. अणू थोडे सावकाश पडतात. आकडा उतरला की समजायचं, खाली काहीतरी रिकामं आहे."

"म्हंजी नारळच की!"

"नारळ. पण चंद्रामुळे पडणारा फरकसुद्धा वजा करणारा."

गुहेच्या तळाशी आकडा अपेक्षेपेक्षा तीनशे एककांनी कमी आला होता. उत्तराने गणित मांडलं आणि सांगितलं की तळाखाली एखादं मोठं नाट्यगृह मावेल एवढं दालन असणार. त्या रात्री आबांनी सगळ्यांना शिरा करून घातला. दुसऱ्या दिवसापासून भेग फोडायचं काम सुरू झालं. सुदैवाने या मोसमात गुहा कधी नव्हे इतकी कोरडी होती. तळाशी जाताना जो ओढा अंगावर घ्यावा लागायचा तो जवळजवळ आटला होता, आणि त्याबद्दलही आबा नशिबाला दुवा देत होते.

चहाचा पेला हातात घेऊन उत्तरा संगणकासमोर बसली. तळाचं ताजं मोजमाप फोनच्या तारेवरून वर आलं होतं. ते धरून तिने दालनाचं आकारमान पुन्हा काढलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आबा, हे दालन वाढतंय."

"वाढंल की. जितकं मोजू तितकं नीट कळंल."

"नाही, तसं नाही. मागच्या वेळी काढलं त्यापेक्षा मोठं आलंय. त्याच्या मागच्या वेळेपेक्षा ते मोठं होतं. चूक असती तर कधी मोठं यायला हवं होतं, कधी लहान. हे दर खेपेला मोठंच होतंय."

"मग सरासरी घे. आपण घेतोच की."

उत्तराने मान वर केली. "आपण कधी घेतो सरासरी?"

आबांना या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. हयातभर त्यांनी हेच केलं होतं आणि हेच शिकवलं होतं. गुहेत फीत, होकायंत्र आणि चिखल यांच्याशी झगडत मोजणी करायची म्हणजे चूक होणारच. फेरी मारून पहिल्या ठाण्यावर, म्हणजे मोजणीच्या पहिल्या खुणेवर, परत आलं की आकडे कधीच जुळत नाहीत. मग त्यावर डोकं फोडत बसायचं नसतं. जो फरक येईल तो सगळ्या मोजण्यांमध्ये सारखा वाटून टाकायचा, की नकाशा गुण्यागोविंदाने जुळतो. रेवती त्यांचीच चेली. ओढमापीचे आकडे संगणकात घेताना तिने तोच नियम लावून दिला होता. एकाच ठाण्यावर पुन्हा मोजलं की जुन्या-नव्याची सरासरी निघायची आणि उत्तराच्या पडद्यावर तेवढीच यायची.

आबांनी हे सगळं कौतुकाने सांगितलं. उत्तराचा चहा तसाच राहिला.

खाली असलेल्या यंत्राच्या स्मृतीतले मूळ आकडे तारेवरून मागवायला तिला फार वेळ लागला नाही. तळाच्या ठाण्याचे आकडे एकाखाली एक उभे राहिले. पहिल्या खेपेला अपेक्षेपेक्षा तीनशेने कमी. मग चारशेने. मग साडेपाचशेने. आज सकाळी आठशेने. सरासरीने ही घसरण निम्मीशिम्मी गिळून टाकली होती.

"खडक तर जागचा हलत नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "पायाखालची पोकळी दिवसागणिक मोठी होणार नाही. मग अणू रोज जास्त सावकाश का पडतायत?"

"यंत्र बिघडलं आसंल."

"तोंडाजवळच्या ठाण्यांवर तेच यंत्र बरोबर चालतंय. फक्त खाली बिघडतं का?" तिने आकड्यांची यादी पुन्हा वरून खाली वाचली. तिचा चेहरा असा उतरला की आबा उठून उभे राहिले.

"काय झालं गं?"

"आबा, खालची ओढ कमी कशी होईल? एक म्हणजे पायाखाली काही कमी असेल तर. आणि दुसरं..." तिने वर बोट केलं. "डोक्यावर काही जास्त असेल तर. डोक्यावरचं वजनही आपल्याला ओढतंच ना? ते वर ओढतं. खालच्या ओढीतून तेवढी वजा होते. आकडा तोच येतो. यंत्राला वरचं आणि खालचं वेगळं कळत नाही!"

"डोक्यावर काय जास्त व्हनार? खडक हाय आन् त्यावर बर्फ."

"मीही तेच धरून चालले होते. डोक्यावर काय आहे ते आपल्याला माहीत आहे, असं. तो ओढा का आटला, आबा? वर ऐन उन्हाळा आहे. हिमनदी वितळतेय. ओढा दुथडी भरून वाहायला हवा होता. आणि आपण गुहा कोरडी म्हणून खूश!"

इतक्या गुहा पालथ्या घातल्या होत्या आबांनी. उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्याचा अर्थ एरवी त्यांनी झोपेतही सांगितला असता. पण सगळ्यात खोल गुहेच्या हावेपुढे कोरडी वाट त्यांना बक्षिसासारखी वाटली होती. दालन पाहिजे होतं, म्हणून दालन दिसलं.

"बर्फाचं बूच बसलंय," ते शेवटी पुटपुटले. "वरच्या पोकळीत पानी तुंबलंय. किती आसंल?"

"मधल्या अंतरावर अवलंबून आहे. पण एखाद्या गावच्या पाझर तलावाएवढं तरी. आणि ते त्यांच्या डोक्यावर आहे." बोलता बोलता तिने फोन उचलून चावी फिरवलीही होती.

खाली फोन वाजला तेव्हा रेवतीचा आवाज उत्साहाने फसफसत होता. "ताई, भेगेतून वारा लागतोय! अजून तासाभराचं काम. यशोधन म्हणतोय, पहिलं पाऊल माझं."

"रेवा, हत्यारं टाक आणि वर ये. दोघंही. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं? आबा बरे आहेत ना?"

उत्तराने जमेल तितक्या थोड्या शब्दांत सांगितलं. पलीकडे हातोड्याचे घाव थांबले.

"म्हणजे दालन नाहीच?" रेवतीने विचारलं. आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता.

"असेल, नसेल. मला ठाऊक नाही. तळं आहे एवढं नक्की. सामान तिथेच टाक."

"ओढमापी आणते. तू सहा वर्षं घालवलीस त्याच्यावर."

"जाऊ दे गं ते!" उत्तरा ओरडली, पण पलीकडून फोन ठेवला गेला होता.

वरची दोघं तंबूत थांबू शकेनात. फोन घेऊन ती गुहेच्या तोंडाशीच येऊन बसली. बाहेर पडायच्या वाटेत मोठा रांजण नावाची एक उभी विहीर होती. शंभर मीटर उंच, दोराने चढायची, आणि एका वेळी दोरावर एकच माणूस. तिच्या बुडाशी दुसरा फोन होता. तिथे पोचेपर्यंत काही कळणार नव्हतं. उत्तराला लहानपणी झोपताना पाय पोटाशी घेणारी रेवती आठवत राहिली. आपण आकडा दिला आणि आपल्याच बहिणीला त्या आकड्यामागे खाली धाडलं, हा विचार तिला बसू देईना. आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

फोन वाजला.

"पोचलो रांजणाच्या बुडाशी," रेवती धापा टाकत म्हणाली. "यशोधन दोरावर चढलाय. अर्ध्यापर्यंत गेला असेल. तो वर पोचला की मी लागते."

आबांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. आता तासाभराचा प्रश्न होता. उत्तरा रडत हसली. "यंत्र आणलंसच ना शेवटी?"

"आणलं तर काय! आणि थांबलेच आहे म्हणून मोजायलाही लावलंय. ठाण्यावर रिकामं उभं राहायचं नाही, आबांची शिकवण. थांब हं, आलाच आकडा." मग ती आनंदाने किंचाळलीच. "ताई! अगं, ताई! सकाळी खाली उतरताना इथे पाचशेने कमी होता. आता बघ, फरकच नाही. जवळजवळ शून्य! सगळं पहिल्यासारखं झालंय!"

ते शब्द आबांनाही ऐकू गेले. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "सुटलो गं बाई. गेलं डोईवरचं वजन! तुझं तळं-बिळं काय नव्हतं. उगाच जीव टांगनीला लावलास आमचा."

उत्तरा हसली नाही.

"तळं होतं, आबा," ती अगदी हळू म्हणाली. "सकाळपर्यंत होतं. ते आता वर नाही. मग ते पाणी गेलं कुठे?"

तेवढ्यात गुहेच्या तोंडातून थंडगार वारा सपकन बाहेर आला आणि आबांची टोपी उडून उतारावर घरंगळत गेली. गुहेतून असा वारा एकाच कारणाने सुटतो, हे त्यांना माहीत होतं. आत काहीतरी घुसतं आणि हवेला बाहेर ढकलतं. त्यांनी उत्तराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"रेवा!" उत्तरा फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडली. "पाणी सुटलंय! यंत्र सोड, भिंतीवर चढ, मिळेल तितकं उंच चढ!"

"पण आकडा तर चांगला..." रेवती म्हणाली आणि मधेच थांबली. "ताई, वरून कसला आवाज येतोय गं?"