समोरचं रिकामं टेबल

मला चपला घ्यायच्याच नव्हत्या. पण त्या दुकानाच्या काचेतून समोरचा कॅफे स्वच्छ दिसायचा, आणि ‘चष्मा’ तिथे खिडकीपाशी बसणार होता. डेटिंग अ‍ॅपवर त्याचं नाव तेवढंच. फोटोतही नुसता टेबलावर ठेवलेला चष्मा. माझ्या फोटोत दिवसभर दातांच्या कवळ्या घासून खरखरीत झालेला हात. आधी लांबून बघायचं, माणूस एकटाच आहे ना याची खात्री करायची, मगच पुढे जायचं. माझ्या मित्राने ती खात्री केली नव्हती. तिघांनी त्याला बडवलं आणि व्हिडिओ थेट त्याच्या वडिलांना पाठवला.

टेबल रिकामंच होतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

बाकावर शेजारी एक जण एका पायात बूट घालून बसला होता. देखणा होता मेला!

“जरा सांगता का,” डोळे बारीक करून तो म्हणाला, “समोर खिडकीपाशी कोणी बसलंय?”

“कोणीच नाही. तुम्ही वाट बघताय?”

“हो... आतेभावाची. तुम्ही?”

“मावसभावाची.”

शेवटी न राहवून मी मेसेज टाकला — कुठे आहेस?

त्याच्या खिशात फोन थरथरला. तो नाकाला लावून त्याने वाचला, काहीतरी लिहिलं... आणि माझा फोन थरथरला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “तुम्ही... एकटेच आहात ना?”

“एकटाच. आणि तू?”

“मीही.”

“मग चष्मा कुठाय?”

“खिशात. ओळखू येऊ नये म्हणून काढला.”

“मग लांबून काय बघणार होतास, कपाळ?”

तो हसला. मलाही हसू फुटलं, पण पाय अजून पळायच्याच बेतात होते.

“दादा, बूट घेताय की नुसतेच बसलात?” दुकानदार खेकसला.

त्याने घाईघाईने बूट काढला. “समोर जायचं?”

“मला भीती वाटते.”

“मला काय कमी वाटते? पण रोज तुझ्याशी बोलल्याशिवाय झोप येत नाही रे. आज असाच परत गेलो, तर...”

“मला तू आवडतोस,” मी म्हणालो. अगदी हळू, पण भर दुकानात.

रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला. गाड्या होत्या, कोणी विचारलंच असतं, तर तेवढं कारण पुरलं असतं. पलीकडे पोचलो, तरी त्याने तो सोडला नाही. मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं... आणि मग मीही नाही सोडला.