कोजागिरीसाठी ग्लास

ही गोष्ट २०१८ सालची. त्या वर्षी राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, वापरून फेकायचे ग्लास बंद झाले, आणि कर्वेनगरातल्या एका सोसायटीला प्रश्न पडला, की कोजागिरीचं दूध द्यायचं कशात? आदल्या वर्षी काचेचा ग्लास फुटून एका मुलाचा पाय कापला होता. स्टीलचा म्हटला तर बोटांना चटका. शेवटी धुऊन पुन्हा वापरता येतील असे प्लॅस्टिकचे ग्लास घ्यायचं ठरलं. सेक्रेटरी गोपाळकृष्ण यांनी ते काम आपल्या मुलीवर, तनयावर टाकलं. ओझं आणायला सोबत दिला बी विंगमधला भाडेकरू उत्तरेश्वर – उदगीरहून आयटीत नोकरीला आलेला, लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारा.

शनिवारी बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या तीन-तीन जाती बघून दोघंही गांगरली. ॲक्रिलिक स्फटिकासारखं चकचकीत. पॉलिकार्बोनेट आपटलं तरी फुटेना. पॉलिप्रॉपिलिन गरम सोसणारं, पण धुरकट, दिसायला अगदीच बापुडं. तनयाचं म्हणणं, पारदर्शकच हवेत, दुधात चंद्र दिसला पाहिजे.

“चंद्र वरून दिसतो ना?” उत्तरेश्वर हळूच म्हणाला. “बाजूनं कशाला बघायचा?”

तिला हसू फुटलं. तो बघतच राहिला... मग दोघंही घाईघाईनं ग्लासांकडे वळली.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. कधी काठ जाड वाटे, कधी बूड डुगडुगे. ती ग्लास ओठांना लावून पाही, तेव्हा तो उगाच बादल्यांचे भाव विचारी.

“ग्लास घेताय की फ्लॅट?” गोपाळकृष्णांनी विचारलंच.

त्यांची घाई वेगळीच होती. बंगळूरचं एक स्थळ तनयाच्या होकारासाठी थांबलं होतं, आणि कोजागिरीच्या आत उत्तर द्यायचं होतं. मुलगा चांगला होता, हीच तर पंचाईत. नाही म्हणायला कारण काय सांगणार? उत्तरेश्वरनं हेल्मेटचा पट्टा नीट लावून दिला, ते काळजीनं की रीत म्हणून? तो येतो ते आपल्यासाठी, की बाबांनी सांगितलं म्हणून? तिला काही केल्या उमजेना.

अखेर एका रविवारी तनयाच्या स्वयंपाकघरात तिघांसमोर परीक्षा झाली. उकळतं दूध नमुन्याला आणलेल्या तिन्ही ग्लासांत ओतलं. ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक रेघा उमटल्या. पॉलिकार्बोनेट टिकलं, पण त्यातून गरम दुधात काहीबाही उतरतं असं वाचल्याचं सांगून गोपाळकृष्णांनी ते बाजूला सारलं. उरलं ते धुरकट.

“झाला निकाल,” ते चपला घालत म्हणाले. “आता दुसराही लावून टाक, तनया. बंगळूरची मंडळी खोळंबलीत.” आणि ते फिरायला गेले.

उत्तरेश्वरला हे स्थळाचं नवीन होतं. तो हातातला ग्लास फिरवत राहिला.

“म्हणजे ग्लास ठरले,” तो म्हणाला. “मग... शनिवारी मी काय करू?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मला तर काही कळंना. म्हणजे... कळतंय. तुमच्यासोबत यायचंय. काही घ्यायचं नसलं तरी.”

इतक्या दिवसांचा गोंधळ, पण तनयाचा आवाज मात्र स्थिर निघाला. “मग बाबा येईपर्यंत बसा. हेच त्यांना सांगा.”

“आत्ता?”

“आत्ता. नाहीतर मी बंगळूरला जाईन.”

तो बसला. समोरचं दूध गार झालं, साय धरली, तरी हलला नाही.

बंगळूरच्या मुलानं पुढे सांगलीची मुलगी केली. सुखात आहे म्हणतात. ग्लास पहिल्याच वर्षी केशरानं पिवळे पडले, त्यावरून गोपाळकृष्णांना अजून टोमणे ऐकावे लागतात. ते ती सगळी जबाबदारी जावयावर ढकलतात. तनया आणि उत्तरेश्वर वारज्यात राहतात. नव्या घराला पडदे घ्यायचे आहेत. दर शनिवारी दोघं ते बघायला बाहेर पडतात, आणि दिवाळीपासून खिडक्या तशाच उघड्या आहेत.