पिवळ्या जर्किनातला माणूस

त्या माणसाची आणि माझी गाठ पडली ती अलास्काच्या समुद्रात, जहाजाच्या सातव्या मजल्यावर, सकाळी सहाच्या सुमाराला. त्याआधी नऊ वर्षं मी त्याच्याच घरात राहत होते... पण ती ओळख धरायची की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आमचं बारामतीजवळ जळोचीत खतं-औषधांचं दुकान. यंदा ह्यांनी कंपनीचं टार्गेट पुरं केलं आणि बक्षीस म्हणून ‘कपल टूर’ लागली. सात दिवस जहाजातून अलास्का. बारामती-इंदापूरकडचे बावीस डीलर, बायकांसकट. बायको नेली नाही तर बक्षीस रद्द, असा नियमच होता. ‘म्हणून माझी वर्णी लागली,’ असं मी सासूबाईंना म्हटलं, तर त्या हसल्या. मी काही गमतीनं बोलले नव्हते.

ह्यांचं नाव रविराज. लिहिताना अजून हात थबकतो. ते मला ‘ऐकलं का’ म्हणतात, मी त्यांना ‘अहो’. नऊ वर्षांत आमचा संसार या दोन हाकांच्या पुढे फारसा गेला नाही. सकाळी सातला दुकान उघडायचं, रात्री नऊला बंद. जेवताना मोबाईलवर शेतकऱ्यांनी पाठवलेले रोगट पानांचे फोटो. भांडण म्हणाल तर एक नाही. भांडायला तरी समोर कुणी लागतं.

जहाजाचं मात्र विचारू नका. दोन्हीकडे काळपट हिरव्या झाडांचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, माथ्यावर बर्फ, मध्ये धुकं. मैलोन्‌मैल घर नाही, दिवा नाही, धुराची एक रेघ नाही. असलं काही दिसलं की शेजारच्याला कोपरानं ढोसावंसं वाटतं. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. हे पहिल्या दिवसापासून इंदापूरच्या झुंबरशेठबरोबर रमीला बसलेले.

त्यातून माझी एक फजिती झाली. कंपनीनं सगळ्यांना एकसारखी पिवळी जर्किनं दिली होती, आणि त्यावर आपल्या लोकांच्या घरून आणलेल्या माकडटोप्या. दुसऱ्या दिवशी देवमाशानं शेपूट वर काढलं तेव्हा सगळे पत्ते टाकून कठड्याकडे धावले. मी शेजारच्या जर्किनाची बाही ओढली आणि म्हटलं, “अहो, बघा की लवकर.” टोपी वळली. आत झुंबरशेठ. बायका पोट धरून हसल्या. हे मागे उभे होते, हातातली पानं सांभाळत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, “आपलं माणूस ओळखू येत न्हाय व्हय?”

उत्तर होतं माझ्याकडे. पण ते परत मोबाईलमध्ये गेले होते.

चौथ्या दिवशी जहाज हिमनदीच्या तोंडाशी जाणार होतं. पाचलाच जाग आली. पलीकडच्या पलंगाकडे बघायची सवय सुटलेली, तशीच जर्किन चढवून वर गेले. बारीक पाऊस भुरभुरत होता. सगळ्या डेकवर एकच माणूस, पिवळं जर्किन, माकडटोपी, कठड्याला रेललेला. पुन्हा फजिती नको म्हणून मी चार हात लांब थांबले आणि अगदी हळू विचारलं, “माफ करा हां... मी इथं उभी राहिले तर चालेल?”

टोपी वळली. हेच होते.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “ऱ्हावा की उभं. जागा कंपनीची हाय.”

मी वळून जाणार, तेवढ्यात पुन्हा आवाज आला. “तुमी... कुठल्या म्हणायच्या?”

थट्टा करतायत असं वाटलं. पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. गाल तेवढे लाल झाले होते, थंडीनं असतील. मी कठड्याला हात टेकले.

“पळसदेवची. दिली जळोचीला.”

“मालक काय करत्यात?”

“खतांचं दुकान हाय.”

“मग बरंय की तुमचं.”

“दुकान बरंय,” मी म्हटलं. “दुकानाला कायबी कमी न्हाय.”

ते माझ्याकडे वळले. मग गल्ल्यावर बसून शेतकऱ्याला विचारतात ना, अगदी त्याच मऊ आवाजात म्हणाले, “कधीपासनं असं हाय?”

हा आवाज मी शंभरदा ऐकला होता, पण दुकानाच्या मागच्या दारातून. दुसऱ्याच्या डाळिंबासाठी. माझ्यासाठी तो पहिल्यांदाच निघाला.

“पहिल्यापासनं,” मी म्हटलं.

“पाणी कमी पडलं?”

“मिळालंच न्हाय.”

“हं...” त्यांनी मान हलवली. “मग वरनं औषध मारून भागायचं न्हाय.”

“तुमाला लई कळतंय.”

“मला अनोळखी माणसाशीच बोलता येतं,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “दिवसभर बोलतो. घरात गेलं की... न्हाय जमत. काय बोलावं तेच कळत न्हाय.”

समोर निळसर बर्फाची भिंत आली होती. जहाज थांबल्यासारखं झालं. मला वाटलं, आत्ताच सांगावं. घरातल्या ह्यांना सांगायला जीभ उचलली नसती, या माणसाला सांगता येत होतं.

“परत गेल्यावर मी बारामतीच्या फाट्याला, पाटसला, उतरणार न्हाय,” मी म्हटलं. “बस तशीच पुढं जाती. मी पळसदेवला उतरणार. माहेरी, तात्यांकडं. कायमचं.”

भिंतीतून एक मोठा तुकडा सुटला आणि पाण्यात पडला. आवाज मागून आला, तोफेसारखा. आम्ही दोघंही दचकलो, पण कुणी कुणाचा हात धरला नाही.

“काय हाय तितं, पळसदेवला?” त्यांनी विचारलं.

“मंदिर हाय. धरणाचं पाणी उतरलं की वर येतं. तात्या होडीतनं न्यायचे.”

“आन् पाणी चढल्यावर?”

“असतंच की आत. दिसत न्हाय एवढंच.” मग राहवेना म्हणून म्हटलं, “नऊ वर्षांत आमच्या मालकांनी एकदाबी बघितलं न्हाय.”

त्यांनी टोपी काढली. केस ओले झाले. “तुमचं नाव काय?”

“राजेश्वरी.”

“राजेश्वरी,” ते म्हणाले. हळूच, पुन्हा एकदा, “राजेश्वरी.”

तेवढ्यात खालून झुंबरशेठची हाक आली, “रविराजशेठ, पानं वाटलीत की.” आणि हे गेले. खरंच गेले.

पुढचे तिन्ही दिवस मी सकाळी सहाला तिथं जाऊन उभी राहिले. नटूनथटून नाही, पण वेणी घालून. पिवळी जर्किनं आली, फोटो काढून गेली, त्यात माझं कुणी नव्हतं. खोलीत पुन्हा ‘ऐकलं का’ आणि ‘अहो’. एवढा एकटेपणा मला जळोचीत कधी वाटला नव्हता, कारण तिथं वाट बघायला काही नव्हतं.

मुंबईहून कंपनीची बस निघाली. पुढे बायका, मागे पुरुष, आपली नेहमीची वाटणी. मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर माझी पिशवी ठेवली. माझे कपडे मी जहाजावरच वेगळे भरले होते.

पाटस आलं. “बारामतीवाले उतरा,” ड्रायव्हर म्हणाला. दोन-तीन जोडपी उठली. मागून ह्यांच्या चपलांचा आवाज ओळखला, आणि मी बाहेरच बघत राहिले. ‘तुम्ही व्हा पुढं’ एवढंच म्हणायचं, असं सात दिवस घोकलं होतं. हात पिशवीच्या बंदावर घट्ट.

आवाज माझ्यापाशी थांबला.

“आमी दोघं पळसदेवला उतरणार,” हे ड्रायव्हरला म्हणाले.

दार बंद झालं, बस हलली. मी वर बघितलं. “आन् दुकान?”

“उद्या उघडत न्हाय. मंदिर बघायचं हाय. जहाजावर एक बाई भेटल्या, त्या म्हणाल्या, पाणी उतरलं की दिसतं.” गाल पुन्हा लाल झाले होते, आणि आता थंडी नव्हती. “तीन दिवस काय बोलावं ते जुळवत हुतो. न्हाय जुळलं. तितनं जळोचीला यायचं का न्हाय, ते तुमी ठरवा. तवर मी हाय तितंच.”

बायकांनी बोलणं थांबवलं होतं. झुंबरशेठ मागून मान उंच करून बघत होते. सगळ्यांच्या देखत, गल्ल्यावरच्या त्या मऊ आवाजात ह्यांनी विचारलं, “हितं कुणी बसलंय का, राजेश्वरी?”

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.